भूपर्यटन क्षमता मूल्यमापन

भूपर्यटन क्षमता मूल्यमापन म्हणजे एखादे भूरूप, खडकांचे उघडे पडलेले थर, जीवाश्मस्थळ, विवर, गुहा, धबधबा किंवा संपूर्ण निसर्गदृश्य पर्यटनासाठी कितपत योग्य आहे, हे ठरावीक निकषांच्या आधारे तपासण्याची पद्धत होय. भूशास्त्र, भूरूपशास्त्र, पर्यटनशास्त्र आणि संवर्धनशास्त्र या चारही शाखांचा तिच्याशी संबंध येतो. एका प्रदेशातील अनेक स्थळांपैकी कोणत्या स्थळाचा विकास आधी करावा, कोणते स्थळ केवळ अभ्यासकांसाठी राखावे आणि कोणत्या स्थळी पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवावी, हे ठरवताना या मूल्यमापनाचा उपयोग होतो.

मूल्यमापनात तीन स्वतंत्र प्रश्न असतात. स्थळात पाहण्यासारखे व शिकण्यासारखे काय आहे, हा *क्षमतेचा* प्रश्न होय. तशाच प्रकारच्या इतर स्थळांच्या तुलनेत पर्यटक तेथे का येईल, हा *स्पर्धात्मकतेचा* प्रश्न होय. पर्यटक आल्यावर ते स्थळ टिकेल का, हा *ऱ्हासाच्या धोक्याचा* प्रश्न होय. खडक, जीवाश्म आणि स्फटिक मानवी कालमानात पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासोबतच वाचावी लागतात.

## संकल्पना व परिभाषा

भूविविधता म्हणजे खडक, खनिजे, जीवाश्म, भूरूपे, मृदा आणि त्यांना घडवणाऱ्या प्रक्रिया यांची नैसर्गिक विविधता. सजीवांच्या संदर्भात जैवविविधता हा शब्द जसा वापरला जातो, तसाच निर्जीव निसर्गाच्या संदर्भात भूविविधता हा शब्द योजला जातो. या विविधतेपैकी जो भाग वैज्ञानिक, शैक्षणिक किंवा सांस्कृतिक दृष्ट्या जतन करण्याजोगा ठरतो, त्यास भूवारसा म्हणतात. भूवारसा ज्या ठिकाणी प्रत्यक्ष पाहता येतो, ते ठिकाण म्हणजे भूस्थळ.

भूपर्यटन या संज्ञेचे दोन अर्थ प्रचलित आहेत. ब्रिटिश अभ्यासक थॉमस होज यांनी १९९५ मध्ये केलेली व्याख्या भूशास्त्रावर आधारलेली आहे. पर्यटकाने केवळ दृश्य पाहून परतू नये, तर त्या स्थळाची भूशास्त्रीय घडण त्यास समजावी, यासाठी माहिती व सोयी पुरवणे हा या व्याख्येचा गाभा आहे. दुसरा अर्थ १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॅशनल जिओग्राफिकशी संबंधित लेखनातून रूढ झाला. त्यात एखाद्या स्थानाचे पर्यावरण, संस्कृती, सौंदर्य आणि स्थानिक लोकांचे हित टिकवणारे पर्यटन असा व्यापक आशय आहे. पोर्तुगालमधील अरोका येथे २०११ मध्ये संमत झालेल्या घोषणापत्राने या दोन अर्थांची सांगड घातली. मूल्यमापनाच्या बहुतेक पद्धती पहिल्या अर्थावर उभ्या असल्या, तरी त्यांतील सांस्कृतिक व आर्थिक निकष दुसऱ्या अर्थाशी जुळणारे आहेत.

## पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात निसर्गसंवर्धनाचे कायदे प्रामुख्याने वने व वन्यजीव यांच्यासाठी झाले आणि भूशास्त्रीय स्थळांकडे तुलनेने कमी लक्ष गेले. १९९१ मध्ये फ्रान्समधील दीन्य येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पृथ्वीच्या स्मृतीच्या हक्कांचे घोषणापत्र संमत झाले. पृथ्वीचा भूतकाळ खडकांत नोंदलेला असून ती नोंद जपणे हे मानवाचे कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता.

इ.स. २००० मध्ये फ्रान्स, ग्रीस, जर्मनी व स्पेन या देशांतील चार प्रदेशांनी एकत्र येऊन युरोपीय जिओपार्क जाळे स्थापन केले. २००४ मध्ये जागतिक जिओपार्क जाळे अस्तित्वात आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये युनेस्कोने युनेस्को जागतिक जिओपार्क या नावाने अधिकृत मान्यता देण्यास प्रारंभ केला. एप्रिल २०२५ मध्ये अशा जिओपार्कांची संख्या ५० देशांत २२९ होती. जिओपार्कचा दर्जा मिळवण्यासाठी भूवारशाचे आंतरराष्ट्रीय महत्त्व सिद्ध करावे लागते. त्यामुळे स्थळांची सूची करणे, त्यांना गुण देणे आणि त्यांची तुलना करणे यांसाठी सुस्पष्ट पद्धतींची निकड भासू लागली. या विषयावरील बरेचसे संशोधन २००५ नंतरचे आहे.

## मूल्यमापनाचे टप्पे

पद्धत कोणतीही असली, तरी कामाचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

1. सूची तयार करणे – भूशास्त्रीय नकाशे, प्रकाशित संशोधन व क्षेत्रभेटी यांच्या आधारे प्रदेशातील संभाव्य भूस्थळांची नोंद केली जाते.
2. गुणात्मक वर्णन – प्रत्येक स्थळाचा खडक, वय, निर्मितीप्रक्रिया, आकारमान, मालकी, सद्यःस्थिती व पोहोचण्याचा मार्ग नोंदवला जातो.
3. संख्यात्मक गुणांकन – ठरलेल्या निकषांनुसार गुण दिले जातात आणि आवश्यक तेथे प्रत्येक निकषास त्याच्या महत्त्वानुसार भारांक लावला जातो.
4. तुलना व वर्गवारी – स्थळे आलेखावर किंवा कोष्टकात मांडून त्यांचे गट पाडले जातात.
5. व्यवस्थापनाचा निर्णय – विकास, मर्यादित प्रवेश किंवा केवळ संरक्षण यांपैकी योग्य पर्याय निवडला जातो.
6. फेरतपासणी – ठरावीक काळाने स्थळाची स्थिती पुन्हा पाहिली जाते.

## निकषांचे प्रमुख गट

### वैज्ञानिक व शैक्षणिक मूल्य

स्थळ किती दुर्मीळ आहे, एखाद्या भूशास्त्रीय घटनेचे ते किती चांगले प्रतिनिधित्व करते, ते किती अबाधित आहे आणि त्यावर किती संशोधन झाले आहे, या बाबी या गटात येतात. तेथील प्रक्रिया सामान्य माणसाला समजावून सांगता येते का, हा शैक्षणिक निकष होय. उच्च वैज्ञानिक मूल्य असलेले स्थळ नेहमीच प्रेक्षणीय असते असे नाही. मेघालयातील मॉम्लुह गुहेतील एका चुनखडी निक्षेपाच्या अभ्यासावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या मेघालयन या भूशास्त्रीय कालखंडाची सीमा ठरवण्यात आली आणि २०१८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तथापि हे महत्त्व डोळ्यांनी पाहून कळणारे नाही, ते समजावून सांगावे लागते.

### सौंदर्यमूल्य

निरीक्षणबिंदूंची संख्या, उंची व खोलीतील फरक, रंगांचा विरोध, पाण्याचे अस्तित्व आणि सभोवतालच्या निसर्गाशी असलेली संगती यांवरून सौंदर्यमूल्य ठरते. हा निकष सर्वांत व्यक्तिसापेक्ष आहे. सह्याद्रीतील स्थळांच्या बाबतीत ऋतूही महत्त्वाचा ठरतो. ज्या कड्यावरून पावसाळ्यात धबधबे कोसळतात, तोच कडा उन्हाळ्यात कोरडा असतो. मात्र खडकांचे थर उन्हाळ्यातच अधिक स्पष्ट दिसतात.

### सांस्कृतिक मूल्य

स्थळाशी निगडित देवस्थाने, लेणी, किल्ले, लोककथा व ऐतिहासिक घटना यांचा यात समावेश होतो. वाघूर नदीच्या नालाकृती घळीत बेसाल्ट खडकात कोरलेली अजिंठ्याची लेणी हे भूरूप आणि संस्कृती यांच्या संयोगाचे ठळक उदाहरण आहे.

### उपयोगमूल्य

रस्ता, वाहनतळ, निवास, भोजन, स्वच्छतागृहे, मार्गदर्शक, माहितीफलक, मोठ्या शहरापासूनचे अंतर व सुरक्षितता हे निकष येथे येतात. सुरक्षिततेच्या निकषाकडे दुर्लक्ष झाल्यास परिणाम गंभीर होतात. न्यूझीलंडमधील व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी उद्रेक झाला. त्या वेळी बेटावर ४७ माणसे होती, त्यांपैकी २२ जणांचा मृत्यू झाला. ज्या जिवंत ज्वालामुखी प्रक्रियेमुळे हे बेट आकर्षक ठरले होते, तीच प्रक्रिया घातक ठरली.

### संरक्षण व ऱ्हास

सद्यःस्थिती, कायदेशीर संरक्षण, नैसर्गिक झीज, मानवी उपद्रव व स्थळाची धारणक्षमता हे निकष या गटात मोडतात. सर्वच ऱ्हास मानवनिर्मित नसतो. माल्टा देशातील गोझो बेटावरील ॲझ्युर विंडो ही चुनखडकाची प्रसिद्ध नैसर्गिक कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळी समुद्रात कोसळली. एका भूरूपावर संपूर्ण पर्यटन अवलंबून ठेवण्यातील जोखीम या घटनेने दाखवून दिली.

## प्रमुख पद्धती

### प्रालाँ यांची पद्धत

स्वित्झर्लंडमधील अभ्यासक ज्याँ-पिएर प्रालाँ यांनी २००५ मध्ये भूरूपस्थळांचे पर्यटनमूल्य सौंदर्य, विज्ञान, संस्कृती व अर्थकारण या चार मूल्यांच्या सरासरीतून काढण्याची पद्धत मांडली. स्थळाचा प्रत्यक्ष वापर किती व कोणत्या रीतीने होतो, याचे मापन त्यांनी वेगळे ठेवले. क्षमता आणि वापर यांतील अंतर त्यामुळे स्पष्टपणे दिसते. आल्प्स पर्वतातील शामोनी–माँ ब्लाँ व क्राँ–मोंताना–सिएर या परिसरांत ही पद्धत वापरण्यात आली.

### भूस्थळ मूल्यमापन प्रतिमान

सर्बियातील मिरोस्लाव वुयिचिच व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये फ्रुश्का गोरा पर्वताच्या अभ्यासातून हे प्रतिमान विकसित केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते 'गॅम' या नावाने ओळखले जाते. त्यात एकूण २७ उपनिकष असून प्रत्येकास ० ते १ या दरम्यान पाव-पाव गुणाच्या पायरीने गुण दिले जातात.

- मुख्य मूल्ये (कमाल १२ गुण) – वैज्ञानिक-शैक्षणिक, सौंदर्य आणि संरक्षण या तीन गटांत प्रत्येकी चार उपनिकष.
- अतिरिक्त मूल्ये (कमाल १५ गुण) – कार्यात्मक गटात सहा आणि पर्यटनविषयक गटात नऊ उपनिकष.

मुख्य मूल्ये आडव्या अक्षावर व अतिरिक्त मूल्ये उभ्या अक्षावर मांडून आलेखाचे नऊ चौकोन केले जातात. एका काल्पनिक उदाहरणावरून याचा उपयोग लक्षात येतो. स्थळ 'क' यास मुख्य मूल्यांत ९ आणि अतिरिक्त मूल्यांत ४.५ गुण मिळाले. स्थळ 'ख' यास अनुक्रमे ५.५ आणि ११.२५ गुण मिळाले. केवळ बेरीज केल्यास 'ख' (१६.७५) हे 'क' (१३.५) पेक्षा सरस दिसते. आलेखावर मात्र 'क' हे निसर्गतः समृद्ध पण सोयींअभावी मागे असलेले, तर 'ख' हे सोयींनी संपन्न पण निसर्गतः मध्यम स्थळ असल्याचे दिसून येते. सोयी पैसा खर्च करून वाढवता येतात, दुर्मिळता वाढवता येत नाही. त्यामुळे एकूण बेरजेपेक्षा दोन अक्षांवरील स्थान अधिक बोलके ठरते.

### सुधारित प्रतिमान

मूळ प्रतिमानात सर्व गुण तज्ज्ञ देत असत. नेमान्या तोमिच व सान्या बोझिच यांनी २०१४ मध्ये त्यात पर्यटकांच्या मताचा अंतर्भाव केला. कोणता उपनिकष किती महत्त्वाचा वाटतो, हे पर्यटकांना विचारून त्याचा सरासरी भारांक काढला जातो आणि तज्ज्ञांनी दिलेल्या गुणास त्याने गुणले जाते. उदाहरणार्थ, माहितीफलकांना तज्ज्ञांनी ०.७५ गुण दिले आणि पर्यटकांच्या लेखी त्या निकषाचे महत्त्व ०.८ असले, तर अंतिम गुण ०.६ होतात.

### ब्रिल्हा यांची पद्धत

पोर्तुगालमधील भूशास्त्रज्ञ जुझे ब्रिल्हा यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वैज्ञानिक मूल्य, शैक्षणिक वापराची क्षमता, पर्यटन वापराची क्षमता आणि ऱ्हासाचा धोका यांची चार स्वतंत्र गुणपत्रके असतात. प्रत्येक निकषास कमाल ४ गुण देऊन ते भारांकाने गुणले जातात. प्रत्येक गुणपत्रकातील भारांकांची बेरीज १०० असल्याने कमाल गुण ४०० होतात. वैज्ञानिक मूल्यात प्रातिनिधिकतेस सर्वाधिक, म्हणजे ३० भारांक आहे. शैक्षणिक क्षमतेत अध्यापनयोग्यतेस २०, तर पर्यटन क्षमतेत निसर्गसौंदर्यास १५ भारांक आहे. एकच स्थळ तीन गुणपत्रकांत तीन वेगळ्या क्रमांकांवर येऊ शकते, हे या पद्धतीत गृहीतच धरलेले आहे.

### पूरक तंत्रे

निकषांचे भारांक ठरवण्यासाठी टॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेली श्रेणीबद्ध विश्लेषण प्रक्रिया वापरली जाते. तीत निकषांची दोन-दोन करून तुलना केली जाते आणि उत्तरांतील विसंगती ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास तुलना पुन्हा केली जाते. भौगोलिक माहिती प्रणालीच्या साह्याने उतार, रस्ते, वस्ती व दृश्यक्षेत्र यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून योग्य क्षेत्रे शोधता येतात.

## क्षमता व ऱ्हासाचा धोका यांतील संबंध

क्षमता वाढवणारे काही घटक धोकाही वाढवतात. ब्रिल्हा यांच्या पद्धतीत हा संबंध आकड्यांत पाहता येतो. सुगम्यतेस पर्यटन क्षमतेच्या गुणपत्रकात १० भारांक आहे, तर ऱ्हासाच्या धोक्याच्या गुणपत्रकात १५. एखाद्या दुर्गम स्थळापर्यंत पक्का रस्ता आणि बसथांबा झाला व सुगम्यतेचे गुण १ वरून ४ वर गेले, तर पर्यटन क्षमता ३० गुणांनी वाढते, पण धोका ४५ गुणांनी वाढतो. लोकसंख्येच्या घनतेचेही तसेच आहे. तिला क्षमतेत ५ आणि धोक्यात १० भारांक आहे.

म्हणून केवळ पर्यटन क्षमतेचे गुण पाहून रस्ता बांधण्याचा निर्णय घेणे या पद्धतीच्या हेतूशी विसंगत ठरते. रस्त्यासोबत कायदेशीर संरक्षण, पहारा, ठरलेली पायवाट आणि पर्यटकसंख्येवरील मर्यादा यांची तरतूद झाली, तरच वाढलेला धोका आटोक्यात राहतो. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर हा उपाय अवलंबण्यात आला आहे. जांभ्या खडकाच्या पातळ मातीवर पावसाळ्यानंतर फुलणारी रानफुले तुडवली जाऊ नयेत, यासाठी तेथे हंगामात दैनिक पर्यटकसंख्येवर मर्यादा व आगाऊ नोंदणी अशी व्यवस्था आहे.

## स्पर्धात्मकता

पर्यटनस्थळांच्या स्पर्धात्मकतेचा विचार करताना जेफ्री क्राउच व ब्रेंट रिची यांचे प्रतिमान बहुधा आधारभूत मानले जाते. २००३ मध्ये ग्रंथरूपाने सविस्तर प्रसिद्ध झालेल्या या प्रतिमानात *तुलनात्मक लाभ* आणि *स्पर्धात्मक लाभ* असा भेद केला आहे. निसर्गाने व इतिहासाने दिलेली साधनसंपत्ती हा तुलनात्मक लाभ, तर त्या संपत्तीचा दीर्घकाळ व कौशल्याने उपयोग करण्याची क्षमता हा स्पर्धात्मक लाभ होय. एखाद्या प्रदेशाकडे पहिला भरपूर आणि दुसरा अत्यल्प असू शकतो.

ग्रीसमधील लेस्वोस बेट या दृष्टीने उल्लेखनीय आहे. सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले जाऊन अश्मीभूत झालेले तेथील वृक्ष १९८५ मध्ये संरक्षित नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झाले. १९९४ मध्ये सिग्री गावी त्यांना वाहिलेले नैसर्गिक इतिहास संग्रहालय स्थापन झाले. पुढे इ.स. २००० मध्ये युरोपीय जिओपार्क जाळ्याच्या चार संस्थापकांत या बेटाचा समावेश झाला. आधी संरक्षण, मग संग्रहालय व संशोधन आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय ओळख असा हा क्रम आहे.

जागतिक आर्थिक मंचाने २००७ पासून देशांची प्रवास व पर्यटन स्पर्धात्मकता मोजणारा निर्देशांक प्रसिद्ध केला. पुढे त्याची जागा प्रवास व पर्यटन विकास निर्देशांकाने घेतली. हे निर्देशांक देशपातळीवरील असल्याने एखाद्या घळीची किंवा विवराची तुलना करण्यास ते उपयोगी पडत नाहीत. भूस्थळांच्या बाबतीत तुलना एकाच प्रकारच्या स्थळांमध्ये केल्यास ती अर्थपूर्ण ठरते. विवराची तुलना धबधब्याशी न करता विवराशी करणे इष्ट असते.

## उदाहरण : लोणार विवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने निर्माण झाले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किमी असून काठापासून खोली सुमारे १५० मीटर आहे. तळाशी खारट व अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे.

वैज्ञानिक मूल्य. बेसाल्टमधील आघातविवरे पृथ्वीवर अतिशय थोडी आहेत आणि त्यांपैकी लोणारचा आकार विशेष सुस्थितीत राहिला आहे. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही बेसाल्टचा असल्याने ग्रहविज्ञानात या विवरास महत्त्व आहे. विवराच्या वयाबाबत एकमत नाही. उष्मादीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रिय सूक्ष्मजीव त्यास कारणीभूत असल्याचे आढळले.

सांस्कृतिक मूल्य. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर, धारेचे तीर्थ आणि सरोवराकाठचे कमळजा देवीचे मंदिर यांमुळे या परिसरास मोठी परंपरा लाभली आहे. लवणासुराची कथा विवराच्या उत्पत्तीचे लोकपरंपरेतील स्पष्टीकरण मानली जाते. पर्यटकास आघाताचे विज्ञान समजावताना ही कथा उपयुक्त दुवा ठरू शकते.

संरक्षण. लोणार हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने घोषित केलेले राष्ट्रीय भूवारसा स्मारक आहे. परिसरास वन्यजीव अभयारण्याचा दर्जा असून २०२० मध्ये सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. तथापि विवर हे बंद खोरे असल्याने गावातील सांडपाणी व शेतांतून वाहून येणारी खते बाहेर न जाता सरोवरातच साचतात आणि पाण्याचे वैशिष्ट्यपूर्ण रसायन बदलू शकतात. काठावरून दिसणारे दृश्य न बदलताही सरोवराचे वैज्ञानिक मूल्य घटू शकते, हे येथील मूल्यमापनात लक्षात घ्यावे लागते.

स्पर्धात्मकता. जगातील दोन प्रसिद्ध आघातविवरांशी लोणारची तुलना पुढीलप्रमाणे करता येते:

| बाब | लोणार (भारत) | बॅरिंजर (अमेरिका) | रीस (जर्मनी) |
|---|---|---|---|
| अंदाजे व्यास | १.८ किमी | १.२ किमी | २४ किमी |
| अंदाजे वय | ५२ हजार ते ५ लाख ७० हजार वर्षे | ५० हजार वर्षे | सुमारे १.५ कोटी वर्षे |
| प्रमुख वैशिष्ट्य | बेसाल्टमधील विवर, अल्कधर्मी सरोवर, मंदिरे | कोरड्या हवामानामुळे स्पष्ट टिकलेला आकार | विवरात वसलेले नोर्डलिंगेन शहर |
| व्यवस्था | अभयारण्य, रामसर स्थळ | खासगी मालकी, अभ्यागत केंद्र व संग्रहालय | विवर संग्रहालय (१९९०), युनेस्को जागतिक जिओपार्क (२०२२) |

बॅरिंजर व रीस या दोन्ही ठिकाणी अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांना भूशास्त्राचे प्रशिक्षण देण्यात आले होते आणि पर्यटकांपुढे तो इतिहास मांडला जातो. खडकाची दुर्मिळता, सरोवर व मंदिरे यांचा विचार करता लोणारचा तुलनात्मक लाभ या दोहोंपेक्षा कमी नाही. विवराची कथा सलगपणे सांगणारी व्यवस्था हा त्या दोन स्थळांचा स्पर्धात्मक लाभ आहे. त्यामुळे लोणारची स्पर्धात्मकता वाढवण्याचा मार्ग अधिक बांधकामाकडे न जाता सांडपाण्याचा बंदोबस्त, प्रशिक्षित मार्गदर्शक व दर्जेदार माहिती यांकडे जातो, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

## महाराष्ट्रातील इतर भूस्थळे

- गिल्बर्ट टेकडी (अंधेरी, मुंबई) – सुमारे ६० मीटर उंचीचा, स्तंभाकार बेसाल्टचा उभा सुळका. वैज्ञानिक मूल्य उच्च, महानगरामुळे सुगम्यता उत्तम. परंतु चहूबाजूंनी दाट वस्ती आल्याने निरीक्षणबिंदू व सभोवताल या निकषांत कमकुवत. स्तंभाकार खडकांसाठीच प्रसिद्ध असलेला अमेरिकेतील डेव्हिल्स टॉवर १९०६ मध्ये त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक झाला. सभोवतालची जागा मोकळी राखल्याने काय साधते, हे या दोन स्थळांच्या तुलनेतून दिसते.
- निघोजचे रांजणखळगे (अहिल्यानगर जिल्हा) – कुकडी नदीच्या पात्रात प्रवाहासोबत फिरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्ट घासून तयार झालेले खोल खळगे. निर्मितीप्रक्रिया सहज समजावता येत असल्याने शैक्षणिक मूल्य मोठे. पूरकाळात सुरक्षितता हा कळीचा निकष.
- हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा – लाव्हाचे एकावर एक साचलेले थर दाखवणारा अर्धवर्तुळाकार कडा. सौंदर्यमूल्य उच्च, सुगम्यता कमी.
- पाचगणीचे टेबललँड – बेसाल्टवर जांभ्याचे आच्छादन असलेले सपाट पठार. सोयी विपुल, त्यामुळे धारणक्षमतेचा प्रश्न महत्त्वाचा. पाचगणी व महाबळेश्वर येथील दख्खनच्या लाव्हाथरांचा समावेश भारताने २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा तात्पुरत्या यादीत केला.

दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत आढळणारी झिओलाइट स्फटिके हाही महाराष्ट्राचा भूवारसा आहे. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात त्यांचे नमुने पाहता येतात. लेण्यांच्या परिसरात अशी स्फटिके पर्यटकांना विकली जातात. युनेस्कोच्या निकषांनुसार जिओपार्कच्या व्यवस्थापनास जीवाश्म, खनिजे व स्फटिके यांच्या विक्रीत थेट सहभागी होता येत नाही. त्यामुळे एखाद्या प्रदेशास जिओपार्कच्या दिशेने जायचे असल्यास या व्यवसायावर जगणाऱ्या स्थानिकांसाठी पर्यायी उपजीविकेचा विचार मूल्यमापनातच करावा लागतो.

## भारतातील व्यवस्था

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था भूवारसा स्थळे निश्चित करून घोषित करते. परंतु अशा घोषणेमुळे आपोआप कायदेशीर संरक्षण मिळत नाही. स्थळ वनक्षेत्रात वा पुरातत्त्वीय संरक्षित क्षेत्रात असल्यास ते त्या त्या कायद्यान्वये मिळते. ही उणीव दूर करण्यासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळे व भू-अवशेष यांच्या जतनासंबंधीच्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. २०२५ च्या यादीत भारतातील एकाही स्थळाचा युनेस्को जागतिक जिओपार्क म्हणून समावेश नव्हता.

जिओपार्कचा दर्जा कायमस्वरूपी नसतो. दर चार वर्षांनी फेरतपासणी होते. समाधानकारक स्थितीस हिरवे कार्ड मिळते. त्रुटी आढळल्यास पिवळे कार्ड देऊन सुधारणेसाठी दोन वर्षांची मुदत दिली जाते आणि तरीही सुधारणा न झाल्यास लाल कार्ड देऊन दर्जा काढून घेतला जातो.

## मर्यादा व टीका

संख्यात्मक पद्धतींवर प्रामुख्याने पुढील आक्षेप घेतले जातात:

- व्यक्तिसापेक्षता – गुण आकड्यांत असले तरी ते माणसेच देतात. दोन तज्ज्ञांचे गुण वेगळे येऊ शकतात; म्हणून अनेक मूल्यमापकांची सरासरी घेणे श्रेयस्कर मानले जाते.
- भारांकांचा प्रभाव – भारांक बदलल्यास स्थळांचा क्रम बदलतो. त्यामुळे भारांक कसे ठरवले, हे निष्कर्षासोबत नमूद करणे आवश्यक ठरते.
- भरपाईचा दोष – बेरजेच्या पद्धतीत उपाहारगृह, निवास व जाहिरात यांचे गुण नष्ट झालेल्या भूरूपाची उणीव भरून काढू शकतात. प्रत्यक्षात अशी भरपाई शक्य नसते.
- स्थानिकांचा अभाव – अनेक अभ्यासांत तज्ज्ञ व पर्यटक यांचीच मते घेतली जातात. ज्यांच्या गावात, शेतात किंवा देवराईत ते स्थळ आहे, त्यांची मते गुणपत्रकात क्वचितच येतात.
- स्थिर चित्र – गुणपत्रक एका वेळची स्थिती दाखवते. पर्यटकसंख्या, हवामान व भूवापर बदलत असल्याने त्याची वैधता कालमर्यादित असते.

या कारणांमुळे मूल्यमापनाचा निकाल हा निर्णय न मानता निर्णयाचा आधार मानावा, असा दृष्टिकोन रूढ होत आहे. कमी गुण मिळालेले स्थळ निरुपयोगी ठरत नाही. ते पर्यटनाऐवजी अभ्यासासाठी किंवा निव्वळ जतनासाठी योग्य असू शकते. तसेच अधिक गुण मिळालेल्या स्थळास प्रथम संरक्षणाची गरज असू शकते, कारण उच्च गुणांमुळे गर्दी ओढली जाण्याची शक्यता तेथेच सर्वाधिक असते.